त्यांच्या टॉवरची रेंज

मोबाइलची कुठली कंपनी घ्यावी यावर लोक हल्ली तासन्‌तास बोलतात. कुणाचा प्लॅन स्वस्त, कुणाचा डेटा लवकर संपतो, कुणाचा फोन घाटात बंद पडतो. आमच्या घरात या चर्चेला कधी जागाच नव्हती. टॉवर कुणाच्या जमिनीत उभा आहे हे बघून आमच्याकडे कंपनी ठरली. ज्या टॉवरची रेंज आमच्या चुलीपर्यंत, न्हाणीपर्यंत, थेट गोठ्यातल्या खुंट्यापर्यंत येत होती, नेमकी तीच कंपनी आम्हाला वर्ज्य होती.

माझं सासर पोशीरच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत. भाताची शेती, थोडी भाजी, आणि नवऱ्याची खोपोलीकडच्या कारखान्यातली पाळीची नोकरी. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या, म्हणजे घरात माणसं तीन: सासरे, नवरा आणि मी. माहेर खालापूर तालुक्यात, हायवेच्या अंगाला. तिथे वडील नव्हते. आई माझ्या भावाकडे राहायची. लग्नानंतर मला माहेरचं दुसरं काही नको होतं. साडीचोळी नको, सणाला बोलावणं नको. आईशी रोज बोलायला मिळावं, एवढंच हवं होतं. हे काही फार मोठं मागणं नव्हतं असं मला तेव्हा वाटायचं, आणि आजही वाटतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा गावात कुठल्याच कंपनीची धड रेंज नव्हती. सगळ्यांकडे एकाच कंपनीची कार्डं होती आणि ती गावाबाहेर, कालव्याच्या मोरीवर गेलं की लागायची. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी पुढे कालव्याने आमच्याकडे येतं, त्या कालव्यावरची ही लहानशी मोरी, म्हणजे छोटा पूल. संध्याकाळी तिथे बायकांची गर्दी असायची. एकीचं बोलणं दुसरीला ऐकू जायचं, त्यामुळे सासवांच्या तक्रारी सांगताना सगळ्या आवाज खाली आणायच्या आणि मग पलीकडच्या आया ‘मोठ्यानं बोल’ म्हणून ओरडायच्या. माझी चुलत जाऊही तिथे असायची. ती माझ्याच माहेराकडची, दोन गावं सोडून पलीकडची. तिची आई आणि माझी आई बाजारात भेटायच्या. माझ्या लग्नात आईने तिचा नंबर आठवणीने लिहून घेतला होता. परक्या गावात पोरीला एक ओळखीचं माणूस आहे, एवढाच तिला धीर.

मग टॉवर आला. कंपनीची माणसं जागा बघून गेली आणि त्यांना आमच्या घरामागचा माळ पसंत पडला. हा माळ म्हणजे सासरे आणि त्यांचे चुलत भाऊ, त्याच जावेचे सासरे, यांच्यातलं जुनं दुखणं. वाटणी झाली होती तोंडी, आजोबांच्या वेळी. सासऱ्यांचं म्हणणं, निम्मा माळ आपला. सातबाऱ्यावर मात्र नाव एकट्या चुलत सासऱ्यांचं. कंपनीने कागद बघितला आणि करार त्यांच्याशी केला. दर महिन्याला भाडं त्यांच्या खात्यात. लोखंडी सांगाडा उभा राहिला, वर लाल दिवा लागला, आणि दोन घरांमधलं बोलणं बंद झालं.

आमच्याकडे भाऊकीत फाटलं की नुसतं बोलणं बंद होत नाही. विस्तव-पाणी बंद होतं. चूल पेटवायला त्यांच्याकडून निखारा आणायचा नाही, त्यांच्या विहिरीचं पाणी घ्यायचं नाही, त्यांच्या लग्नात जेवायचं नाही, त्यांच्या दारावरून मयत गेलं तरी उंबऱ्यातच उभं राहायचं. आता कुणाच्या घरी निखारे मागत नाहीत, घरोघर गॅस आहे, नळ आहे. पण रीत रीतच. सासऱ्यांनी तिच्यात एक कलम वाढवलं.

“त्या टॉवरची रेंज आपल्या घरात घ्यायची नाय,” त्यांनी जेवताना सांगितलं. “आपल्या हिश्श्याच्या जागंवर उभा हाय तो. त्याची रेंज घ्यायची म्हंजी त्यांच्या हिरीचं पानी प्यायचं. कळलं?”

नवऱ्याने मान हलवली. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. महिन्याभरात सगळ्या गावाने जुने नंबर तेच ठेवून नव्या कंपनीची कार्डं घेतली. लोक खाटेवर पडल्या पडल्या बोलू लागले. संध्याकाळी मोरीवर जाणारी मी एकटी उरले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण सासऱ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. त्यांनी टॉवर आणला, मग आपणही काहीतरी आणायला हवं. त्याच सुमारास आमच्या जुन्या कंपनीचा एजंट मोटारसायकलवरून गावात आला. ज्या गावात त्याच्या कंपनीची रेंज नाही तिथे तो बिलाचा फोन विकायला आला होता, यातच त्याची हुशारी. रिचार्जची कटकट नाही म्हणाला. महिन्याला एकच बिल, घरच्या प्रमुखाच्या नावाने, आणि त्याच्याखाली घरातले सगळे नंबर. प्रमुखाला नवा हँडसेट सवलतीत.

‘घरच्या प्रमुखाच्या नावाने’ हे ऐकलं आणि सासऱ्यांनी चहा ठेवायला सांगितलं.

चहा देताना मी एजंटला विचारलं, “घरात रेंज येईल का?”

“मॅडम, लवकरच आपला पण टॉवर येतोय या भागात,” तो म्हणाला. कधी, ते त्याने सांगितलं नाही. मी पुन्हा विचारलं तेव्हा सासरे म्हणाले, “तू आत जा गं. मानसं बोलत्यात ना.”

मी आत गेले. सह्या झाल्या. चार कार्डं आली. एक सासऱ्यांना, एक नवऱ्याला, एक मला. चौथं शेतावरच्या मोटारीच्या स्टार्टरला, म्हणजे घरबसल्या फोन करून पंप चालू-बंद करता यावा. माझा जुना नंबरही त्याच बिलात ओढला गेला, म्हणजे तोही सासऱ्यांच्या नावावर झाला. तेव्हा मला याचा अर्थ कळला नव्हता. नंबर माझा, बोलणार मी, आईच्या फोनमध्ये तो माझ्या नावाने साठवलेला, आणि कागदावर मात्र मी कुठेच नाही. मोटार कालव्याच्या कडेला असल्यामुळे मोटारीला रेंज होती. घरात असलेल्या मला नव्हती.

बिलं यायला लागली. इंग्रजीत छापलेली, बारीक अक्षरांची. सासरे पहिलं बिल हातात घेऊन पारावर गेले आणि दोन माणसांना दाखवून आले. भरायची वेळ आली तेव्हा कुरकुर सुरू झाली, कारण एजंटने सांगितलेला आकडा आणि बिलावरचा आकडा यांचं जमत नव्हतं. मी बारावीपर्यंत शिकलेली. बसून वाचलं. मूळ भाडं एजंटने सांगितलं होतं तेवढंच होतं. खालच्या नंबरांचं भाडं वेगळं होतं, ते त्याने सांगितलं नव्हतं. त्यावर कर. एकदा भरायला उशीर झाला त्याचा दंड. आणि एक ओळ अशी होती की ती लावायची परवानगी कुणी दिली हेच कळेना. शेवटी शोध लागला. सासऱ्यांना कुणी फोन केला की आता अभंग वाजायचा. कधीतरी फोनवर बाई काहीतरी बोलत होती आणि यांनी तिला गप्प करायला म्हणून एक बटण दाबलं होतं. त्या बटणाचे दर महिन्याला पैसे लागत होते.

“मग बंद कर की,” नवरा म्हणाला.

बंद करायला कंपनीला फोन लावायचा, आणि तो लावायला मोरीवर जायचं. मी मोरीवर उभी राहून मराठीसाठी हे दाबा, तक्रारीसाठी ते दाबा करत राहायची. मध्ये गाणी लागायची. खरा माणूस बोलायला आला की रेंज जायची. नेटवर्क येत नाही ही तक्रार त्याच नेटवर्कवरून करायची, यापेक्षा मोठी थट्टा मी माझ्या आयुष्यात बघितली नाही.

मी घरात सरळ विचारलं. आपण पैसे भरतो कशाचे? सासरे म्हणाले, बाहेरगावी गेल्यावर तर लागतो ना. ते खोटं नव्हतं. त्यांचा फोन कर्जतला लागायचा, नेरळला लागायचा, आणि ते अर्धा दिवस बाहेरच असायचे. नवऱ्याचा कारखान्यात लागायचा. घरात राहायचं होतं ते मला.

कुणी म्हणेल, मग गुपचूप दुसरं कार्ड घ्यायचं. घेतलं होतं. कर्जतच्या बाजारात माझ्या स्वतःच्या आधारवर, माझ्या नावाने. ते फोनमध्ये घातलं आणि सगळ्या दांड्या भरल्या तेव्हा मी भाजी चिरता चिरता आईला फोन लावला. आई बोलायला लागली की तिला थांबवणं अवघड. शेजारच्या म्हशीपासून सुरुवात करायची, मग भावाच्या पोराचा ताप, मग हायवेला गेलेल्या जमिनीचे पैसे कोण कसे उडवतंय, आणि मुख्य गोष्ट, जी सांगायला फोन घेतला असेल, ती अगदी शेवटी. त्या दिवशी मी तिचं सगळं शेवटपर्यंत ऐकलं. भाजी करपली तरी ऐकलं.

पण सासऱ्यांनी फोनवर दुसऱ्या कंपनीचं नाव बघितलं. ते ओरडले नाहीत. ताट पुढे सरकवलं आणि उठले. “ज्या घरात त्यांचा टावर बोलतो त्या घरात मी जेवनार नाय,” एवढंच म्हणाले. सकाळी जेवले नाहीत, रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी गावात बोभाटा झाला की सुनेने सासऱ्याला उपाशी ठेवलंय. संध्याकाळी नवऱ्याने माझ्या फोनमधून कार्ड काढलं आणि न्हाणीच्या चुलीत टाकलं. वर मलाच म्हणाला, “म्हाताऱ्या मानसाला कशाला छळतेस?”

मग मी रीतसर मार्ग धरला. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, हे माहीत होतं. कर्जतला कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने नंबर घातला आणि स्क्रीनकडे बघून सांगितलं, “हा तुमच्या नावावर नाहीये. ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच यायला लागेल. आणि वर्षाची बोली आहे, मध्येच सोडलं तर राहिलेल्या महिन्यांचे पैसे भरावे लागतील.”

“पण वापरते मी,” मी म्हटलं.

“ते बरोबर आहे ताई, पण ग्राहक ते आहेत.”

तिचा काही दोष नव्हता. मी बाहेर आले आणि वडापावच्या गाडीजवळ उभी राहून रडले. रेंज भरपूर होती तिथे. आईला फोन मात्र केला नाही, कारण रडका आवाज तिने लगेच ओळखला असता.

त्यानंतर मोरी हाच माझा दूरध्वनी. दिवेलागणीच्या आधी, म्हशीचं दूध काढून झालं की जायचं. पावसात छत्री धरून जायचं. मिळतील तेवढ्या दोन-चार मिनिटांत बोलायचं. आईची मुख्य गोष्ट शेवटी असायची, त्यामुळे ती बहुतेक वेळा राहूनच जायची. म्हैस व्हायची, ताप व्हायचा आणि आवाज तुटायचा. मी पुन्हा लावायची, लागायचा नाही. पुढे पुढे आईला वाटायला लागलं की मीच ठेवते. “तुला काय, घाई असते,” ती म्हणायची. “ठेव बाई, तुझी कामं असतील.” मी तिला भाऊकीचं सांगितलं नव्हतं. सासरची लाज माहेरी कशाला सांगायची, असं आम्हाला शिकवलेलं. त्यामुळे माझ्या आईने असा समज करून घेतला की पोरगी सासरी रमली आणि आईशी बोलायचा तिला कंटाळा येतो. तो समज मला कधीच पुसता आला नाही. याचा मला जेवढा राग आहे तेवढा बिलांचा नाही.

वर्षाची बोली संपली. मी सासऱ्यांना आठवण केली. ते म्हणाले, आपण बोली मोडली असं त्यांना वाटंल. ‘त्यांना’ म्हणजे पलीकडच्या घराला. कंपनीशी केलेला करार संपला होता; चुलत भावाशी न केलेला करार चालू होता.

एका सकाळी भाऊ मोटारसायकलवर दारात आला. हेल्मेट न काढताच म्हणाला, “चल. आईला पॅरॅलिसिस झालाय. पहाटेपासून फोन लावतोय तुला.” पनवेलला नेलं होतं. मी पोचले तेव्हा आई जागी होती. उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. ती माझ्याकडे बघून तोंड हलवायची आणि त्यातून एकच जाडसर आवाज निघायचा. डॉक्टर विचारत होते, आधी काही जाणवलं होतं का, कुणाला काही बोलल्या होत्या का. भाऊ म्हणाला, “नाही हो, आदल्या दिवशी पोरांना घावणे करून घातले तिनं.”

आई जगली. घरी आली. वहिनीने खूप केलं तिचं, हे कबूल करायला हवं. पण बोलणं परत आलं नाही. मोरीवर जायचं मी बंद केलं. फोनवर कुणाशी बोलणार होते मी? महिन्यातून एकदा जाऊन आईजवळ बसायची. तीच बोलकी बाई, आणि आता मी बोलायची आणि ती ऐकायची. मला तिच्यासारखं बोलता येत नाही. दोन वाक्यं झाली की माझं संपतं.

दोनेक वर्षं गेली. आमच्या बाजूला फार्महाऊसचे प्लॉट पाडायची लाट आली होती. मुंबईची एक पार्टी माळावर आली. टॉवरमागची जमीन आणि खाली जाणारा रस्ता त्यांना हवा होता. त्यांचा वकील म्हणाला, जुना तोंडी हिस्सा आहे, पुढे भानगड नको, दोन्ही घरांच्या सह्या हव्यात, पैसेही दोघांना मिळतील. दोघे चुलत भाऊ एका दुपारी एका गाडीत बसून कर्जतला गेले आणि संध्याकाळी एकत्रच परत आले. चुलत सासरे आमच्या ओटीवर बसले. सासऱ्यांनी मला हाक मारली, “काकांना पानी आन गं.”

इतक्या वर्षांची तूट एका तांब्याने भरली. मी पाणी दिलं. तांब्या रागाने जरा जोरातच टेकवला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच आठवड्यात सासरे स्वतः मला टॉवरच्या कंपनीच्या दुकानात घेऊन गेले. “सगळ्यांची कार्डं बदलून टाक,” म्हणाले, “उगाच लांबची कंपनी कशाला?” सही केली, शेवटचं बिल भरलं, अभंगासकट. काउंटरवरच्या मुलीने गावाचं नाव बघून विचारलं, “तुमच्याकडे तर याच कंपनीचा टॉवर आहे ना कधीपासून? मग एवढी वर्षं तिकडे का राहिलात?” सासरे हसले. “ऱ्हायलं खरं,” म्हणाले.

नंतर चुलत सासऱ्यांच्या अंगणात जेवण घातलं. दोन्ही घरं, थोडी भाऊकी, पार्टीची माणसं. मटण आणि तांदळाच्या भाकरी. मागच्या पडवीत चुलत जाऊ आणि मी भाकऱ्या थापत बसलो होतो. मोरीवरच्या दिवसांनंतर आम्ही पहिल्यांदा शेजारी बसलो होतो. तिने आईची चौकशी केली.

“बोलायला येतं का गं आता त्यांना?”

“नाही.”

“काय बाई. त्या दिशी किती नीट बोलल्या माझ्याशी.”

मी म्हटलं, “कुठल्या दिवशी?”

तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि मग माझ्याकडे बघितलं. “तुला सांगितलं नाय तुझ्या सासऱ्यांनी?”

आई पडली त्याच्या आदल्या दुपारी तिने मला बऱ्याचदा फोन लावला होता. लागला नाही तेव्हा लग्नात लिहून घेतलेला नंबर शोधून तिने या जावेला लावला. जावेला आमच्या अंगणात पाय ठेवायची बंदी. ती धावत बांधावर आली. सासरे शेतातून येत होते. तिने बांधाच्या पलीकडूनच सांगितलं, तुमच्या सुनेच्या आईचा फोन आहे, तिला जरा पाठवा, चालू आहे अजून. सासरे ‘बरं’ म्हणाले आणि घराकडे गेले. ती फोन धरून वाट बघत राहिली. मी आले नाही. मी तेव्हा घरात गहू निवडत होते, चार पावलांवर.

“मला वाटलं, तूच आली नायस,” ती म्हणाली. “भाऊकीमुळं.”

मी पिठाच्या हाताने उठले आणि पुढच्या अंगणात गेले. पंगत बसली होती. सासरे आणि त्यांचे चुलत भाऊ मांडीला मांडी लावून बसले होते. मी समोर उभी राहिले.

“बाबा, आई पडली त्याच्या आदल्या दिवशी तिचा निरोप आला होता?”

“कवा?”

“बांधावर. यांच्या सुनेच्या फोनवर.”

त्यांनी आठवून बघितलं. खोटं बोलायचा त्यांचा विचार नव्हता, तेवढी त्यांना गरजच वाटली नाही. “आला आसंल,” ते म्हणाले. “तवा आपलं-त्यांचं नव्हतं ना गं.”

चुलत सासऱ्यांनी मान डोलावली. त्यांनाही ते पटलं होतं. सगळ्या पंगतीला पटलं होतं. नवरा मला डोळ्यांनी आत जा म्हणत होता. पार्टीच्या माणसाने कौतुकाने विचारलं, काय म्हणतायत ताई? सासरे म्हणाले, काय नाय, घरचं हाय, आणि रस्सा मागितला.

मी परत पडवीत आले. जावेला म्हटलं, आई काय बोलली ते सांग, सगळं सांग. तिला आठवत होतं तेवढं तिने सांगितलं. आधी शेजारची म्हैस व्याल्याचं बोलली. मग पोरांना घावणे हवेत म्हणून तांदूळ भिजत घातल्याचं. मी काही येत नाही, हे तिच्या लक्षात आलं. मग म्हणाली, “तिला सांग, सकाळपासून उजवा हात जड लागतोय. पेला धरवत नाही. पोराला बोलले नाही मी, तो घाबरतो. तिलाच सांगायचं होतं. दवाखान्यात जाऊ का म्हणून विचार तिला.”

मी त्या सासऱ्यांच्या घरात आजही राहते. त्यांना वेळेवर चहा देते. तोंडावर बाबा म्हणते. पण त्यांना मी माफ केलेलं नाही आणि करणार नाही, आणि हे लिहिताना मला जराही संकोच वाटत नाही.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता माहेरी गेले. आई खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. वहिनी धुणं वाळत घालायला बाहेर गेली तेव्हा मी आईच्या जवळ सरकले.

“आई, तुझा निरोप मिळाला,” मी म्हटलं. “हात जड लागतोय म्हणालीस ना, तो. मला आत्ता मिळाला.”

तिने माझ्याकडे बघितलं. मग तिने डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाशी धरून उचलला आणि माझ्या हातात दिला. खरंच जड होता.